काच कुठपर्यंत आली?

घरातलं इंटरनेट : लेखांक ६

शनिवार-रविवारी सोसायटीच्या फाटकाशी छत्री रोवून बसलेली कंपनीची मुलं आता सगळ्यांच्याच ओळखीची झाली आहेत. टेबलावर पत्रकं आणि पत्रकांवर ठळक आकडे : १००, २००, ३००. ‘काका, आत्ताचं नेट किती एमबीपीएसचं आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. काकांना आकडा आठवत नाही आणि सौदा तिथेच अर्धा होतो. ‘फायबर घ्या, प्रॉब्लेमच येणार नाही.’

प्रॉब्लेम येणार की नाही, हे पत्रकावरच्या आकड्यावरून ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं. काचेचा धागा प्रत्यक्षात कुठपर्यंत येणार आहे, आणि तुमची सध्याची अडचण त्या धाग्याच्या अलीकडची आहे की पलीकडची. एवढं तपासलं की फायबर घ्यायचं की नाही, याचं उत्तर बहुतेक घरांना दहा-पंधरा मिनिटांत मिळतं.

तांबं कुठे थकतं

भारतात सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. घरात शिरायला त्याला एकच वाट होती, टेलिफोनची तार. मोडेम किरकिरायचा, मग नेट जोडलं जायचं, आणि नेट सुरू असेपर्यंत फोन व्यग्र. २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणलं आणि फोन व नेट एकाच तारेवरून एकाच वेळी चालू लागले. तेव्हाच्या सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. आज तीच किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे.

ही तार मुळात माणसाच्या आवाजासाठी टाकलेली होती. आवाजाला साडेतीन हजार हर्ट्‌झपर्यंतची कंपनं पुरतात. ब्रॉडबँडसाठी त्याच तारेवरून वीस-बावीस लाख हर्ट्‌झपर्यंतची कंपनं पाठवावी लागतात, आणि कंपनं जितकी वेगवान, तितकी ती तांब्यात लवकर विरतात. म्हणून एकाच गावात, एकाच प्लॅनवर, एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला चांगला वेग मिळायचा आणि चार किलोमीटरवरच्या वाडीला त्याचा जेमतेम चतकोर. या तंत्राची कागदावरची कमाल मर्यादा सुमारे २४ एमबीपीएस, तीही फक्त खाली येणाऱ्या माहितीसाठी. वर जाणारा वेग एक-दीडच्या आतबाहेर.

शिवाय पाऊस. रस्त्याकडेच्या खांबावरच्या जोडात ओल शिरली की फोनमध्ये खरखर सुरू होते आणि नेट दर पाच मिनिटांनी तुटतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. वीज कोसळली तर तिचा झटका तारेवरून थेट मोडेमपर्यंत पोचतो तो वेगळाच.

शहरांत दुसरी वाट निघाली ती केबलवाल्याची. गच्चीवर एक स्विच ठेवायचा आणि तिथून जिन्याच्या डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून घराघरांत लॅनची तार सोडायची. ही तार शंभर मीटरपर्यंत उत्तम काम करते. पण गच्चीवरच्या स्विचला वीज लागते. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला आणि जिथे तो स्विच आहे त्या इमारतीची वीज गेली, तर नेट बंद. मधल्या इमारतींतून तार फिरवलेली असेल तर अशी ठिकाणं दोन-तीन होतात, आणि बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्यात केबलवाल्याच्या माणसाचा अर्धा दिवस जातो.

काचेत काय आहे

काचेच्या धाग्यातून प्रकाश वळवून नेता येतो, हे १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात नरिंदर सिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी दाखवून दिलं. कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे. पण त्या काळच्या काचेतून गेलेला प्रकाश थोड्याच अंतरात मावळायचा. दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्ध द्रव्यांचा आहे, हे चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्याबरोबर १९६६ मध्ये मांडलं. चार वर्षांनी अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने पुरेशी शुद्ध काच ओढून दाखवली. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. कपानींना भारत सरकारने २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत हा धागा तयार होतो आणि जगभर जातो.

आजच्या चांगल्या धाग्यात प्रकाशाची ताकद निम्मी व्हायला सुमारे पंधरा किलोमीटर लागतात. धाग्याची एकूण जाडी १२५ मायक्रॉन आणि प्रकाश ज्यातून जातो तो गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा. त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे ओल, गंज आणि आकाशातली वीज या तांब्याच्या तिन्ही दुखण्यांतून तो सुटतो. उंदीर मात्र त्यालाही सोडत नाहीत, आणि रस्ता खोदणारा जेसीबी तर नाहीच नाही.

घरोघरी फायबर देण्याची सध्याची रूढ पद्धत अशी आहे. कंपनीच्या केंद्रातून एक धागा निघतो. तुमच्या भागात एका छोट्या पेटीत त्याच्या बत्तीस किंवा चौसष्ट फांद्या होतात आणि एकेक फांदी एकेका घरात जाते. ही पेटी केवळ प्रकाश वाटते, तिला वीज लागत नाही. त्यामुळे केंद्रापासून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत विजेवर अवलंबून असलेलं काहीच नसतं. घरातल्या डब्याला इन्व्हर्टरची वीज मिळाली की आख्खी आळी अंधारात असतानाही नेट चालतं. ज्या गावात दर आठवड्याला देखभालीसाठी वीज बंद ठेवतात, तिथे घरून काम करणाऱ्याला हा एवढा एक मुद्दाही पुरेसा आहे.

मूळ धागा मात्र सामाईक असतो. नेहमीच्या व्यवस्थेत त्याची खाली येणारी क्षमता सुमारे २५०० एमबीपीएस. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला अठ्ठ्याहत्तरच्या आसपास येतील. सोसायटीच्या टाकीचे सगळे नळ सकाळी सातला एकदम सुटतात, तसं इथे सहसा होत नाही. सिनेमा पाहणारं घर सलग पाच एमबीपीएस घेतं, फोनवर बातम्या वाचणारं त्याहून कितीतरी कमी. म्हणून २०० चा प्लॅन विकणारी कंपनी खोटं बोलते असं नाही. पण रात्री नऊ ते अकरा या वेळेत वेग पडत असेल तर गर्दी बहुधा याच धाग्यावर किंवा त्याच्याही मागे असते. म्हणून सोसायटीत ज्यांनी आधीच कनेक्शन घेतलंय, त्यांना रात्रीचा अनुभव विचारा. पत्रकात तो सापडणार नाही.

टेबलापाशी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : घरात येणारी शेवटची तार कोणती? काच तुमच्या घरात येणार असेल तर कंपनी ‘ओएनटी’ नावाचा डबा बसवते. त्यात चपट्या चौकोनी, बहुधा हिरव्या टोकाची बारीक तार जाते. त्याऐवजी टेलिफोनच्या जॅकसारखी पण थोडी रुंद, आठ पितळी रेघांची क्लिप राउटरमध्ये थेट बसवणार असतील, तर काच गच्चीवर किंवा जिन्यात थांबली आहे आणि पुढे लॅनची तार आहे. ही व्यवस्था वाईटच असते असं नाही. अंतर कमी आणि मधल्या स्विचला वीज भक्कम असेल तर ती वर्षानुवर्षं नीट चालते. पण मग ते तुमचं आत्ताचंच नेट आहे, फक्त बिलावर नवं नाव. त्यासाठी जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

दुसरा प्रश्न : तारच नाही, असं तर नाही ना? २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांनी ‘एअरफायबर’ नावाची सेवा आणली. तिच्यात घराला काच येत नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा बसतो आणि तो मोबाईलच्या ५जी टॉवरकडून नेट घेतो. जिथे काच पोचणं अवघड आहे, उदाहरणार्थ डोंगरउतारावरचं एकटं घर, तिथे ही सोय मोलाची आहे. पण जिन्यापर्यंत काच आलेली असताना ही सेवा घेणं म्हणजे टॉवरवरच्या गर्दीत आपणहून जाऊन उभं राहणं.

तिसरा प्रश्न : वर जाणारा वेग किती? पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा खाली येणाऱ्या वेगाचा असतो. काही प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात, काहींत नसतात.

चौथा प्रश्न : डबा कुणाचा? तो कंपनीचा असेल तर अनामत किती आणि कनेक्शन बंद केल्यावर ती कधी परत मिळणार? बसवण्याचा खर्च सहा महिन्यांचं भाडं एकदम भरल्यास माफ होतो का, हेही विचारा. जाहिरातीतल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी चढतो. ७९९ चा प्लॅन हातात पडतो तो ९४३ ला.

खरी गरज किती?

पहिल्या लेखांकातला हिशेब आठवा : एमबीपीएसच्या आकड्याला आठाने भागलं की दर सेकंदाला येणारे मेगाबाइट मिळतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एक जीबीचा सिनेमा उतरवायला ८० सेकंद.

आता चार माणसांचं घर घ्या. दिवाणखान्यात ४-के चित्राची मालिका चालू : १५ एमबीपीएस. आतल्या खोलीत दुसऱ्या टीव्हीवर साधं एचडी : ५. दोघांच्या ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगा : प्रत्येकी चार धरा, म्हणजे ८. फोन, घड्याळं, कॅमेरे, लॅपटॉपचे अपडेट यांना मिळून १५. बेरीज ४३. हे सगळं एकाच वेळी चाललं तरी ५० च्या आत भागतं. १०० एमबीपीएसमध्ये हे घर आरामात नांदतं. ३०० चा प्लॅन घेतल्यावर मालिका तिप्पट स्वच्छ दिसत नाही. डाउनलोड लवकर संपतात, एवढाच फरक.

डेटाच्या मर्यादेचंही तसंच. बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग कमी होतो. ४-के चित्राला तासाला सुमारे ७ जीबी लागतात असं धरलं, तर ती मर्यादा ओलांडायला रोज पंधरा तासांहून जास्त टीव्ही पाहावा लागेल.

वर जाणारा वेग मात्र रोज जाणवतो. मीटिंगमध्ये तुम्हाला सगळे नीट दिसतात, पण तुमचा चेहरा त्यांच्याकडे गोठतो, तेव्हा अडचण याच वेगाची असते. मुलीच्या लग्नाचे २० जीबी फोटो आणि व्हिडिओ अमेरिकेतल्या मावशीसाठी क्लाउडवर चढवायचे आहेत. वर जाणारा वेग १ एमबीपीएस असेल तर त्याला चव्वेचाळीस तास लागतील, तेही मध्ये एकदासुद्धा नेट तुटलं नाही तर. १०० असेल तर सत्तावीस मिनिटं. तांब्यावरून काचेवर गेल्याचा खरा फायदा इथे आहे. पत्रकावर याचा उल्लेख सहसा बारीक अक्षरात असतो.

अडचण भिंतीच्या आत तर नाही?

कुठलाही निर्णय घेण्याआधी एक चाचणी कराच. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत एक लॅनची तार लावा, बाकी सगळी यंत्रं बंद करा आणि वेग मोजा. दुपारी एकदा, रात्री दहाला एकदा. मग तार काढून, तुम्ही नेहमी बसता त्या खोलीत वाय-फायवर मोजा.

तारेवर प्लॅनइतका वेग मिळतोय आणि खोलीत दहा, तर दोष बाहेरच्या जोडणीचा नाही. फायबर आणलंत तरी त्या खोलीत दहाच येतील. जुने राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. त्याच पट्ट्यात शेजारच्या वीस घरांचे राउटर आणि मायक्रोवेव्हही असतात. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान आहे, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या दगडी भिंती, कोकणातल्या घरांचा जाडजूड जांभा, मुंबईच्या टॉवरांतल्या काँक्रीटच्या भिंती, या सगळ्या त्याला अडवतात. तिथे उपाय राउटरची जागा बदलण्याचा किंवा दुसरा राउटर जोडण्याचा आहे. त्याला वाढीव मासिक भाडं लागत नाही.

प्लॅन १०० च्या वरचा असूनही तारेवर वेग ९४-९५ च्या पुढे कधीच सरकत नसेल तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट जुन्या, १०० एमबीपीएसच्या क्षमतेचं आहे, नाहीतर मधली तार साधी आहे. अशा घरात २०० चा प्लॅन घेतला तर वरचे शंभर वापरता येत नाहीत.

तारेवरच वेग कमी असेल, रात्री आणखी पडत असेल किंवा पावसात तुटत असेल, तर मात्र अडचण बाहेरची आहे. तिथे फायबरचा उपयोग आहे.

कुणी घ्यावं, कुणी थांबावं

फोनच्या तांब्याच्या तारेवरचं नेट वापरणाऱ्यांनी, काच घरात येत असेल तर, फार विचार करू नये. वेग, पाऊस, वर जाणारी माहिती या तिन्ही बाबतींत फरक मोठा आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो वाजायचा. फायबरवरचा फोन डब्याची वीज गेली की मुका होतो. घरात एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचा आधार लँडलाइन असेल तर डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पहिल्याच दिवशी घ्या. जुना नंबर तसाच राहणार का, हेही फॉर्मवर सही करण्याआधी विचारा.

केबलवाल्याच्या लॅनवर १०० एमबीपीएस नीट मिळत असेल, महिन्यातून एखाद्या वेळीच बंद पडत असेल आणि घरात मोठ्या फायली चढवणारं कुणी नसेल, तर थांबायला हरकत नाही. फोन केल्यावर तासाभरात शिडी घेऊन येणारा ओळखीचा माणूस ही सेवाही कमी नाही. शिवाय असे बरेच केबलवाले आता स्वतःच घरात काच आणून देतात. आधी त्यांना विचारा.

महिन्याला मोजके व्हिडिओ पाहणारं दोघांचं घर मोबाईलच्या डेटावरही चालतं. त्यांनी शेजाऱ्याने घेतलं म्हणून घेऊ नये.

बसवण्याच्या दिवशी

जोडणी करायला येणाऱ्या माणसाला घाई असते. धागा खिडकीतून आत आला की डबा खिडकीशेजारीच टांगून तो मोकळा होतो, आणि मग वाय-फाय अर्धं रस्त्यावर जातं. डबा घराच्या मध्यावर, उंचावर हवा, असं आधीच सांगा. थोडी जास्त तार लागेल, ती मागून घ्या. सरकत्या खिडकीच्या खाचेतून धागा नेऊ देऊ नका. रोज खिडकी लावताना तो दबतो, आणि एके दिवशी डब्यावर लाल दिवा लागतो. फ्रेमशेजारी छोटं भोक पाडून घेणं बरं. कोपऱ्यावर धागा काटकोनात दुमडायचा नाही, गोलाईने वळवायचा.

त्याच्याकडे प्रकाशाची ताकद मोजायचं छोटं यंत्र असतं. ‘पॉवर किती आली?’ असं विचारा. उत्तर उणे आकड्यात येतं. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर कुठेतरी जोड कच्चा आहे. आज नेट चालेल, पण धागा जरा हलला की तुटेल. तो जोड त्याच्याकडून त्याच दिवशी नीट करून घ्या. आकडा लिहून ठेवा. पुढे तक्रार करताना तो उपयोगी पडतो.

घरातले कॅमेरे बाहेरगावाहून पाहणाऱ्यांनी एक चौकशी जास्त करावी. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे जुनी डीव्हीआर यंत्रं बाहेरून दिसेनाशी होतात. स्वतंत्र पत्ता लागला तर त्याचे किती पैसे, ते आधी कळलेलं बरं.

जुनं कनेक्शन पहिल्या महिन्यात तोडू नका. महिनाभराचं दुहेरी भाडं जाईल, पण शनिवारची रात्र, एखादा मुसळधार दिवस, वीज गेलेली दुपार, या सगळ्यांतून नवी जोडणी पार पडलेली पाहता येईल. वर्षाचे पैसे एकदम भरण्याचा विचार त्यानंतर करा.

थोडक्यात, काच घरात येत असेल आणि तुमची अडचण घराबाहेरची असेल तर फायबर घ्या, आणि प्लॅन १०० च्या आसपासचाच घ्या. वेग वाढवून घ्यायला कंपनी कधीही तयार असते. अडचण घरातली असेल तर ते पैसे राउटरवर खर्च करा. तो कसा निवडायचा आणि प्रत्येक खोलीत वाय-फाय कसं पोचवायचं, ते पुढच्या लेखांकात पाहू. तोवर लॅनची तार लावून आणि तार काढून मोजलेले दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढचा हिशेब तिथूनच सुरू होईल.